मुलाला इलिनॉयला ॲडमिशन मिळाली पण लिबरल आर्ट्स अँड सायन्सेस कॉलेजात, हे नक्की काय प्रकरण असतं?

नाशिकचा_बाबा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मुलगा यंदा बारावी सायन्स, सीबीएसई. अमेरिकेत अंडरग्रॅडसाठी तीनचार ठिकाणी अर्ज केले होते त्यात युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय, अर्बाना-शॅम्पेनचं पत्र आलंय. आम्हाला वाटलं तिथलं इंजिनिअरिंग जगात नावाजलेलं आहे, तिथेच मिळालं असणार, पेढे पण वाटून झाले, आणि मग पत्र नीट वाचलं तर त्यात कॉलेज ऑफ लिबरल आर्ट्स अँड सायन्सेस, मेजर म्हणजे मुख्य विषय सीएस प्लस लिंग्विस्टिक्स, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स आणि जोडीला भाषाशास्त्र. विचारलं तर म्हणतो मी तोच अर्ज केला होता, तुम्ही विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. असो.

आता घरात रोज सभा भरते. माझे थोरले बंधू सिव्हिल इंजिनिअर आहेत, ते म्हणाले घर गहाण टाकण्याइतके पैसे घालून पोराला आर्ट्सला पाठवतोस का, त्यापेक्षा आपलं इथलं केटीएचएम कॉलेज काय वाईट आहे. बायको मुलाच्या बाजूने. मी मध्ये.

माझे प्रश्न असे की एवढ्या मोठ्या युनिव्हर्सिटीत हे कॉलेज नक्की कशासाठी असतं? ज्यांना इंजिनिअरिंग, बिझनेस मिळालं नाही त्यांची सोय म्हणून? डिग्रीवर काय लिहून येतं? नंतर आतल्या आत इंजिनिअरिंगला उडी मारता येते का? १ मे पर्यंत कळवायचंय. जाणकारांनी कृपया लिहावं, चॅटजीपीटीला विचारून झालंय, ते सगळ्यालाच छान म्हणतं.

---

मक्याच्या_देशात

काका, आधी अभिनंदन. मी त्याच कॅम्पसवर केमिस्ट्रीत पीएचडी केली, आता शिकागोच्या बाजूला नोकरी करतो. थोडं पाल्हाळ लागेल.

पहिलं म्हणजे आपल्याकडचं कॉलेज आणि विद्यापीठाचं नातं डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे कॉलेज म्हणजे वेगळी संस्था, वेगळे ट्रस्टी, वेगळं गेट, आणि विद्यापीठ म्हणजे पेपर काढणार नि मार्कशीट देणार. तिकडे कॉलेज हा युनिव्हर्सिटीचाच तुकडा, कॅम्पस एक, आयकार्ड एक, लायब्ररी एक, डिग्री देणारी युनिव्हर्सिटी एक, फक्त कुठलं डिपार्टमेंट कुठल्या डीनच्या हाताखाली एवढंच. आणि ही वाटणी जशी इतिहासात पडत गेली तशीच राहिलीये, त्यात लॉजिक शोधायला जाऊ नका. इलिनॉयला फिजिक्स हे इंजिनिअरिंग कॉलेजात आहे आणि केमिकल इंजिनिअरिंग लिबरल आर्ट्स अँड सायन्सेसमध्ये. हो, बरोबर वाचलंत. म्हणजे तिथून बाहेर पडणारा केमिकल इंजिनिअर तुमच्या बंधूंच्या हिशोबाने आर्ट्सवालाच झाला.

यापुढे त्या कॉलेजाला एलएएस म्हणतो, सगळे तेच म्हणतात.

आता ते कशासाठी असतं. ही युनिव्हर्सिटी १८६७ ची, लिंकनच्या काळात १८६२ ला मॉरिल कायदा झाला, त्यात केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या, त्या विका आणि शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढा, कष्टकरी लोकांच्या पोरांसाठी. सुरुवातीचं नावच मुळी इलिनॉय इंडस्ट्रियल युनिव्हर्सिटी, ते १८८५ ला बदललं. पण त्या कायद्यातच लिहून ठेवलं होतं की बाकीचं शास्त्र आणि जुन्या भाषा वगैरे वगळायच्या नाहीत आणि शिक्षण लिबरलही हवं आणि व्यवहाराचंही हवं. म्हणजे नांगर आणि व्याकरण पहिल्यापासून एकाच आवारात. पुढे साहित्य-कलांचं एक कॉलेज आणि सायन्सचं एक कॉलेज वेगवेगळं चालायचं, ती दोन्ही १९१३ ला एकत्र करून एलएएस झालं. आज विद्यार्थीसंख्येने कॅम्पसवरच्या सगळ्यात मोठ्या कॉलेजांपैकी ते एक आहे. तेव्हा उरलेल्यांची सोय वगैरे विसरा.

मी टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट होतो, जनरल केमिस्ट्रीच्या डिस्कशन सेक्शन घ्यायचो. त्यात कोण बसायचं, तर सिव्हिलवाले, मटेरियल्सवाले, ॲग्रिकल्चरचे, डॉक्टर व्हायचं म्हणून आलेले, एखादी सायकॉलॉजीवाली. कॅल्क्युलस शिकवतं मॅथ्स डिपार्टमेंट, ते एलएएसचं. पहिल्या वर्षाला निबंध कसा लिहायचा, दुसऱ्याचं म्हणणं कसं मांडायचं, हा रेटरिकचा कोर्स असतो, त्याची जबाबदारी इंग्लिश डिपार्टमेंटची, तेही एलएएसचं. इंजिनिअरिंगचा मुलगा कागदोपत्री पहिल्या दिवसापासून इंजिनिअरिंगचा असतो पण त्याचा पहिल्या वर्षाचा निम्मा दिवस एलएएसच्या वर्गात जातो. आणि उलटही, एलएएसच्या पोराला फिजिक्स घ्यायचं तर ते इंजिनिअरिंगवाल्यांकडे जाऊन.

आणि हे नुसतं दुसऱ्यांच्या पोरांना बेसिक शिकवणारं कॉलेज नाहीये. १९७६ ला चार रंगांचा सिद्धांत, म्हणजे कुठलाही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की शेजारच्या दोन देशांना एक रंग येत नाही, हे ॲपल आणि हाकेन या दोघांनी कॉम्प्युटर लावून सिद्ध केलं ते याच मॅथ्स डिपार्टमेंटमधून, आणि मग डिपार्टमेंटच्या टपालावर शिक्का मारायचे, चार रंग पुरतात. एवढी हौस. १९७७ ला कार्ल वूजने जीवसृष्टीची एक अख्खी नवी शाखा दाखवून दिली, आर्किया, बॅक्टेरियाही नाही आणि आपल्यासारखीही नाही, तो मायक्रोबायॉलॉजीचा, म्हणजे एलएएस.

अवांतर: कॅम्पसच्या मधोमध मक्याचा एक प्रयोगाचा प्लॉट आहे, १८७६ पासून चालू, मॉरो प्लॉट्स म्हणतात. त्याच्यावर सावली पडू नये म्हणून शेजारची अंडरग्रॅड लायब्ररी जमिनीखाली बांधली. यावरून त्या गावाला काय महत्त्वाचं वाटतं ते समजा.

उडी मारण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, एलएएसमध्ये शिरून नंतर इंजिनिअरिंगच्या सीएसला जाऊ हा प्लॅन करू नका. तो दरवाजा फार अरुंद आहे. पण तुमच्या मुलाला त्याची गरजच नाही, सीएस प्लस मध्ये सीएस आहेच. त्याबद्दल आत्ता तिथे शिकणारं कुणी लिहील तर बरं.

---

खडूस_आजोबा

वरचा प्रतिसाद वाचून उर भरून आला पण धागाकर्त्यांनी दुसरी बाजूही ऐकावी.

वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटी, ही पण त्याच मॉरिल कायद्यातली. २०२३ ला पैसे कमी पडले तेव्हा बोर्डाने एका झटक्यात २८ मेजर आणि १४३ प्राध्यापकांच्या जागा उडवल्या. परदेशी भाषांचं डिपार्टमेंट बरखास्तच केलं. भाषा शिकायची तर ऑनलाइन ॲप वापरू किंवा दुसऱ्या युनिव्हर्सिटीचे ऑनलाइन क्लास घेऊ असाही विचार तेव्हा मांडला गेला होता. मुलं वर्गातून उठून बाहेर आली, घोषणा झाल्या, काही उपयोग झाला नाही. तिथे कुणी म्हटलं का की केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस आम्ही सगळ्यांना शिकवतो म्हणून आम्ही महत्त्वाचे?

मुद्दा असा की सगळ्यांना बेसिक शिकवणारा म्हणून जो मोठा असतो तोच पहिला कापला जातो, कारण बेसिक कुणीही शिकवेल असं वरच्यांना वाटतं. आणि जे विषय चालतात ते स्वतःचा संसार वेगळा थाटतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कले युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्सची बीए त्यांच्या लेटर्स अँड सायन्स कॉलेजात होती, २०२३ ला कंप्युटिंग आणि डेटा सायन्सचं स्वतंत्र कॉलेजच काढलं. मग जुन्या कॉलेजात उरलं काय, तर ज्याला गिऱ्हाईक नाही ते.

पैसे तुमचे आहेत म्हणून लिहिलं. बाकी ज्याची त्याची मर्जी.

---

मक्याच्या_देशात

आजोबा, वेस्ट व्हर्जिनियाचं खरं आहे, आणि झालं ते वाईटच झालं. पण तुमच्या उदाहरणातून उलटंच निघतं असं मला वाटतं. जिथे कॉलेजाने स्वतःची ओळख फक्त सर्व्हिस म्हणून करून घेतली तिथे ते कापता येतं. जिथे तेच कॉलेज संशोधनही करतं आणि बेसिकही शिकवतं, आणि पीएचडीची पोरं बेसिक शिकवून स्वतःची फी माफ करून घेतात, तिथे हे एकात एक इतकं गुंतलेलं असतं की एक टोक कापलं की दुसरं सुटतं. २०१८ ला इलिनॉयच्या टीए लोकांनी संप केला होता, मुद्दा हाच, फीमाफीची हमी. त्यात भाषा, इतिहास, मॅथ्सवाले पुढे होते कारण त्यांच्याकडे मोठमोठ्या ग्रँट नसतात, पीएचडी करायची तर शिकवूनच. तो संप झाला तेव्हा कॅम्पसवरच्या बाकीच्या कॉलेजांना पहिल्यांदा कळलं असेल की आपल्या पोरांचे सकाळचे वर्ग घेतं कोण.

पैशाचं गणितही माहीत असू द्या. तिकडच्या बऱ्याच युनिव्हर्सिटीत कुठल्या कॉलेजाने किती विद्यार्थ्यांना किती क्रेडिट शिकवले त्यावर फीचा काही वाटा त्या कॉलेजाकडे वळतो. म्हणून मग इंजिनिअरिंगलाही वाटतं आपलं मॅथ्स आपणच शिकवू, बिझनेसला वाटतं आपलं लेखन आपणच शिकवू. ही ओढाताण सगळीकडे आहे. आत बसलेल्या विद्यार्थ्याला ती फारशी जाणवत नाही एवढं खरं.

---

प्लसवाली

काका मी तिथेच आहे, सीएस प्लस, माझा प्लसच्या पुढचा विषय वेगळा आहे पण कॉलेज एलएएसच. पुण्याची. परीक्षा चालू आहेत त्यामुळे तुटक लिहिते.

डिग्रीवर येतं बॅचलर ऑफ सायन्स इन लिबरल आर्ट्स अँड सायन्सेस, पुढे मेजरचं नाव. हो, बीएस. बीए नाही. तरी आत्याला फोनवर समजावताना माझा घसा कोरडा पडतो तो भाग वेगळा.

सीएस प्लसची सुरुवात २०१४ ला चार विषयांनी झाली, ॲन्थ्रोपॉलॉजी, ॲस्ट्रॉनॉमी, केमिस्ट्री आणि लिंग्विस्टिक्स. म्हणजे तुमच्या मुलाचा विषय पहिल्या चारातला आहे, नवीन प्रयोग नाही. आता तर म्युझिकसोबत आहे, क्रॉप सायन्सेससोबत आहे, ते एलएएसच्या बाहेरच्या कॉलेजांचे. आमचे सीएसचे कोअर कोर्स इंजिनिअरिंगच्या मुलांबरोबरच असतात, २२५ डेटा स्ट्रक्चर्सला तोच वर्ग, तेच असाइनमेंट, तीच रात्रीची रडारड, ३७४ अल्गोरिदम्सला पण. कोण कुठल्या कॉलेजचं हे कुणी विचारत नाही, खरं सांगायचं तर कळतच नाही. इंटर्नशिपच्या करिअर फेअरला पण सगळे एकाच रांगेत.

फरक कुठे पडतो तर बाकीच्या निम्म्या कोर्सेसमध्ये. इंजिनिअरिंगवाल्याला फिजिक्सचे दोनतीन कोर्स आणि टेक्निकल इलेक्टिव्ह जास्त, आम्हाला त्या जागी दुसरा विषय पूर्ण. पूर्ण म्हणजे वरवर नाही. लिंग्विस्टिक्सवाल्या मैत्रिणीला फोनेटिक्सच्या तासाला स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून त्याचा आलेख बघायचा होता, तिने ट आणि त बोलून दाखवले, वर्गातल्या बाकीच्यांना दोन्ही एकच ऐकू येत होते. मग सगळा वर्ग तास संपेपर्यंत ट-त, ड-द करत बसला, आणि शेवटी प्रोफेसरने त्यावरूनच पुढच्या आठवड्याचा स्पीच रेकग्निशनचा टॉपिक चालू केला. म्हणजे मशीनला हा फरक शिकवायचा तर डेटात काय असावं लागेल. नुसतं कोडिंग शिकलेल्याला तो प्रश्न सुचणार कसा?

आणि हे काकांनी बंधूंना सांगावं, त्या लिंग्विस्टिक्स डिपार्टमेंटचं आपल्याशी जुनं नातं आहे. ब्रज काचरू आणि यमुना काचरू तिथलेच, जगभरातल्या इंग्रजीच्या वेगवेगळ्या रूपांचा अभ्यास काचरूंनी उभा केला, यमुनाबाईंनी हिंदीच्या व्याकरणावर काम केलं. आणि मराठीचं सविस्तर वर्णनात्मक व्याकरण इंग्रजीत लिहिणाऱ्या राजेश्वरी पंढरीपांडे पण तिथेच प्राध्यापक होत्या, १९९७ चं पुस्तक आहे. मराठी वाक्य कसं चालतं हे जगातल्या भाषाशास्त्रज्ञांना बघायचं असेल तर ते पुस्तक उघडतात. आता मला सांगा मॉडेलला मराठी शिकवायची असेल तर हे कामाचं की नाही.

एक वाईट पण सांगते. एलएएसमध्ये भाषेची अट जास्त आहे, कॅम्पसच्या बऱ्याच कॉलेजांना तिसऱ्या लेव्हलपर्यंत परकीय भाषा चालते, आम्हाला चौथी. पहिल्या वर्षी मला कळेना मी सीएसला आलेय की स्पॅनिशला. आणि फी स्वस्त असेल असं समजू नका, तिथे फी कॉलेजवर नाही तर प्रोग्रॅमवर ठरते, सीएस लागलं की वरचा दर लागू शकतो, पत्रातला आकडा नीट बघा.

---

स्टाफरूम_कट्टा

उशिरा आलो. मी महाराष्ट्रातल्या एका आर्ट्स, सायन्स, कॉमर्स कॉलेजात शिकवतो, कुठलं ते विचारू नका.

धाग्याचा विषय अमेरिकेचा आहे पण बंधूंच्या मनातलं आर्ट्स कॉलेज कुठून आलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, शिकवायचं एल्फिन्स्टनने, विल्सनने. विद्यापीठाने स्वतः शिकवायला घेतलं ते बरंच पुढे, १९१९ ला समाजशास्त्राचा विभाग निघाला, पॅट्रिक गेडिस पहिला प्राध्यापक. म्हणजे साठ वर्षं विद्यापीठ हे जवळजवळ ऑफिस होतं. रानडे, टिळक, आगरकर जे काही शिकले ते कॉलेजात शिकले. त्या काळी आर्ट्स कॉलेज हेच उच्चशिक्षण होतं, त्यात गणितही आलं नि संस्कृतही आलं, एकच पोरगा दोन्ही शिकायचा. मग इंजिनिअरिंग मेडिकल वेगळं निघालं, त्यांच्या वेगळ्या प्रवेशपरीक्षा आल्या, त्यांची तर विद्यापीठंही वेगळी झाली, आणि आमच्याकडे राहिलं ते शिल्लक. त्यामुळे बंधूंचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, त्यांनी जे बघितलं त्यावरून ते बोलतायत. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पोराला मॅथ्स शिकवायला इंजिनिअरिंग कॉलेज स्वतःचा मॅथ्सचा माणूस ठेवतं, तो तिथे एकटा पडतो, त्याला ना संशोधन ना सहकारी. आणि आमच्या कॉलेजातल्या मॅथ्सच्या विभागाला इंजिनिअरिंगचं पोर कधी दिसत नाही. दोघांचं नुकसान.

आता एनईपी, म्हणजे नवं शैक्षणिक धोरण, आलं. महाराष्ट्रात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, नुसती अक्षरं वाचून धाप लागते. कल्पना वाईट नाही, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ओई दुसऱ्या शाखेतलंच घ्यायचं, म्हणजे तिकडच्या जनरल एज्युकेशनसारखंच. पण ते तिकडे चालतं कारण सगळी डिपार्टमेंटं एका कॅम्पसवर आहेत आणि एकच टाइमटेबल आहे. इकडे एका कॉलेजात ज्या शाखा असतील त्यातूनच घ्यायचं, मग ज्याचं वर्कलोड कमी पडतंय त्याच्या गळ्यात ओई. वर्कलोडसाठी विषय, विषयासाठी मुलं, मुलांसाठी सोपा पेपर. मीटिंगमध्ये हे कुणी मोठ्याने बोलत नाही.

तरी एक सांगतो. आमच्या फिजिक्सच्या एका सरांनी ओईला आकाशदर्शन ठेवलं. आली सगळी कॉमर्सची पोरं, त्यांना वाटलं होतं पासिंग सोपं असेल. सरांनी पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी गच्चीवर बोलावलं, दुर्बीण लावली, गुरूचे चंद्र दाखवले आणि सांगितलं रोज त्यांची जागा वहीत काढायची, बॅलन्स शीट मांडता तशी, तारीख घालून. पंधरा दिवसांनी एका पोरीने वही पुढे केली आणि म्हणाली सर हा आतला चंद्र साधारण पावणेदोन दिवसांनी परत येतोय. आयओचा फेरा तेवढाच आहे. तिने तो स्वतः काढला, गुगल न करता. स्टाफरूममध्ये सर दिवसभर ती वही घेऊन फिरत होते, प्रत्येकाला दाखवत होते. कॉमर्सची मुलगी होती बरं का.

आपल्याकडे एलएएसच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे क्लस्टर विद्यापीठं. मुंबईत होमी भाभा राज्य विद्यापीठ, २०१९ ला झालं, त्यात इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि बीएडचं एसटीसी एकत्र आली. साताऱ्यात रयतचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ, त्यात वायसी सायन्स, डीजी कॉमर्स आणि आर्ट्सचं छत्रपती शिवाजी कॉलेज. कागदावर सायन्सच्या पोराला आर्ट्समध्ये जाऊन इतिहास घेता यायला हवा. पण कॉलेजं जुनी, प्रत्येकाचा प्राचार्य वेगळा, प्रत्येकाचा अभिमान वेगळा, एकत्र टाइमटेबल बसवणं हेच खरं काम आहे, बोर्ड बदलणं सोपं.

---

तराईकडचा_विदर्भी

एकच भर. उत्तराखंडातलं पंतनगरचं कृषी विद्यापीठ, १९६० ला निघालं, देशातलं पहिलं, ते इलिनॉयच्याच मदतीने आणि त्याच लँड-ग्रँट, म्हणजे वर आलेल्या मॉरिल कायद्याच्या नमुन्यावर. तिथे शेती, व्हेटर्नरी, इंजिनिअरिंग ही कॉलेजं आहेतच पण कॉलेज ऑफ बेसिक सायन्सेस अँड ह्युमॅनिटीज असं एक वेगळं कॉलेजही आहे आणि मॅथ्स, केमिस्ट्री, इंग्लिश तेच सगळ्यांना शिकवतं. मी तिथे ॲग्री केलं. मातीची केमिस्ट्री आम्हाला ॲग्रीवाल्यांनी शिकवली पण मुळातली केमिस्ट्री त्या कॉलेजने. म्हणजे आपल्या देशात हे जमत नाही असं नाही, जिथे पहिल्यापासून तसं बांधलं तिथे जमतं, नंतर शिवायला गेलं की उसवतं.

---

खडूस_आजोबा

स्टाफरूम, गुरूच्या चंद्राचा किस्सा आवडला. पण मी माझ्या म्हणण्यावर कायम आहे, धागाकर्त्यांना पोराच्या नोकरीची काळजी आहे, आयओची नाही.

---

प्लसवाली

आजोबा नोकरीचंच बोलते मग. काका, व्हिसाचं बघताना कॉलेजचं नाव बघू नका, आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या कागदावर, मेजरचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी नंबर असतो तो बघा. डिग्रीनंतर ओपीटी, म्हणजे तिकडे राहून काम करायची परवानगी, १२ महिने सगळ्यांना, पण तो कोड सरकारच्या स्टेम, म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्सच्या यादीत असेल तर वर अजून २४ महिने मिळतात. युनिव्हर्सिटीला ईमेल करून लेखी विचारा की या मेजरचा कोड काय आणि तो यादीत आहे का. इंटरनॅशनल ऑफिस उत्तर देतं, एकदोन दिवस लागतात. आर्ट्स आणि इंजिनिअरिंग या भांडणापेक्षा या एका ओळीवर तीन वर्षं अवलंबून आहेत.

आजोबा नोकरी सगळ्यांनाच कठीण झालीये सध्या, इंजिनिअरिंगच्या सीएसवाल्यांनाही. खोटं का सांगू.

---

नाशिकचा_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आजोबांचंही बरोबर आहे, म्हणून ते वेस्ट व्हर्जिनियाचं मुलाला वाचायला दिलं. तो म्हणाला बाबा मला हे माहितीये, म्हणूनच मी नुसतं लिंग्विस्टिक्स नाही घेतलं आणि नुसतं सीएस पण नाही घेतलं. काय बोलणार.

बंधूंना केमिकल इंजिनिअरिंगचं सांगितलं. त्यांनी लगेच वेबसाइट उघडून खात्री केली, मग म्हणाले हा त्यांच्या ॲडमिनिस्ट्रेशनचा घोळ आहे. पण सूर बदललाय.

फीचा आकडा परत बघितला, वरचाच दर आहे, प्लसवाली म्हणाली तसाच. लोनचं बघतोय. सीआयपी कोडचा ईमेल काल रात्री टाकला.

एक शेवटचं. त्या भाषेच्या अटीत मराठी चालते का? पोरगा दहावीपर्यंत शाळेत मराठी शिकलाय, मार्कशीटवर आहे.

---

प्लसवाली

शाळेत इंग्रजी सोडून एकच भाषा सलग चार वर्षं शिकली असेल तर ती मोजतात, नियम तसा आहे, पण मराठीचं कागदपत्र कसं धरतात ते ॲडमिशनवालेच सांगतील. आत्ताच विचारा आणि नववी-दहावीच्या मार्कशीटसोबत सातवी-आठवीच्याही काढून ठेवा, शाळेकडून इंग्रजीत पत्र घ्या की हा विषय म्हणून शिकवला जातो, किती तास वगैरे. जूनमध्ये रजिस्ट्रेशन असतं तेव्हा एलएएसचा ॲडव्हायझर भेटतो, त्याच्यासमोर हे सगळं तयार असलं तर सूट मिळालेली आधीच सिस्टिमला दिसते, नाहीतर पहिल्या सेमिस्टरला स्पॅनिश १०१ घेऊन बसावं लागतं, आणि ते सकाळी आठचं असतं.

आणि काका, गरम कपडे इथून घेऊ नका. तिकडे जाऊन घ्या. नाशिकची थंडी आणि शॅम्पेनची थंडी एकमेकींना ओळखत पण नाहीत.